घर कुणाच्या मापाचं?

मोबाइलवर अधूनमधून एक चित्रमालिका फिरत येते: जगावेगळी घरं. रॉटरडॅममधली एका टोकावर तोल सावरून उभी असलेली पिवळी ठोकळेघरं, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जमिनीखाली कोरलेल्या खोल्या, टिटिकाका सरोवरात तोतोरा गवताच्या तरंगत्या बेटांवरच्या झोपड्या, येमेनमधल्या मातीच्या सातमजली इमारती. बघणारा हरखतो आणि पुढं पाठवतो. मीही पाठवतो. पण ती बघताना मला दरवेळी लातूर जिल्ह्यातलं आत्याचं घर आठवतं. त्याचा फोटो कुणी काढला असता तर तोही या मालिकेत सहज खपून गेला असता.

आत्याचं घर घुमटाचं आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तिच्या गावाला नवी वसाहत मिळाली, ती सगळी घुमटांचीच. दुरून बघितलं की माळावर कुणी मोठाल्या पाट्या पालथ्या घालून ठेवल्यात असं वाटतं. या घरात पाऊल ठेवल्यावर आत्याला पहिल्याच दिवशी प्रश्न पडला होता, "कोपराच न्हाई घराला. कणगी कुठं ठेवू अन् देव कुठं मांडू?" भिंत वर जाता जाता आत झुकते, त्यामुळं कपाट तिला टेकत नाही. फळी मारता येत नाही. भिंतीत देवळी नाही, वर माळा नाही. पुढं थोरल्याचं लग्न ठरलं, एक खोली वाढवायची वेळ आली, तेव्हा गवंड्यानं हात टेकले. घुमटाला खोली जोडायची कुठून? शेवटी पुढ्यात पत्र्याची शेड पडली. आज घरातली माणसं शेडमध्ये राहतात आणि घुमटात ज्वारीची पोती, जुन्या ट्रंका आणि खताच्या गोण्या असतात.

हे घर ज्यांनी बांधून दिलं त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. घुमट भूकंपाला चांगलं तोंड देतो, हे शास्त्र खरं आहे. पण ज्या बाईला त्यात चूल मांडायची होती, तिला नकाशा काढण्याआधी कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

म्हणून जगावेगळ्या घरांचं कौतुक करताना मी हल्ली दोन गोष्टी बघतो. हा आकार कुणी ठरवला? आणि आत राहणाऱ्याला तो उद्या बदलता येईल का? सरकार गरिबांसाठी जी घरं बांधतं किंवा बांधायला पैसे देतं, तिथं तर याच दोन गोष्टी सगळ्यात आधी बघायला हव्यात, आणि नेमक्या त्याच आपण बघत नाही.

त्या फोटोंमधल्याच काही घरांकडं या नजरेनं पाहू. दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं गाव आहे. १९१५ साली तिथं ओपल हे रत्न सापडलं आणि खाणकामगार जमले. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, सावलीला झाड नाही, बांधायला लाकूड नाही. लोकांनी ज्या हत्यारांनी ओपल शोधलं त्याच हत्यारांनी टेकडीत घरं खोदली. आत वर्षभर २५ अंशांच्या आसपास गारवा राहतो. मूल झालं, पाहुणे वाढले, की आणखी एक खोली खोदायची. ते घर कुणी चित्र काढून सुचवलेलं नाही. उन्हानं आणि कामानं ते सुचवलं, आणि आजही ते वाढतं.

टोकियोतला नाकागिन कॅप्सूल टॉवर याच्या अगदी उलट वाटेनं गेला. किशो कुरोकावा या वास्तुरचनाकारानं १९७२ साली उभी केलेली ही इमारत म्हणजे दोन काँक्रीटच्या खांबांना बोल्टांनी अडकवलेल्या १४० खोल्या. प्रत्येक खोली जेमतेम १० चौरस मीटरची, तिला एक गोल खिडकी. दर २५ वर्षांनी जुनी खोली काढायची, नवी बसवायची, घर माणसाबरोबर बदलत जाईल, अशी ती कल्पना. कल्पना म्हणून मला ती आजही मोहवते. पण खोल्या एकमेकींना इतक्या खेटून बसवल्या होत्या की खालची काढायची तर आधी वरच्या उतरवाव्या लागणार. ५० वर्षांत एकही खोली बदलली गेली नाही. पाणी गळायला लागलं, ॲस्बेस्टॉसची भीती आली, मालकांचं एकमत होईना, आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली. तिच्यातल्या काही खोल्या आता संग्रहालयांत आहेत. बदलासाठी बांधलेलं घर बदलता आलं नाही, कारण बदल कधी आणि कसा व्हायचा तेही रचनाकारानंच ठरवून ठेवलं होतं.

रॉटरडॅमच्या ठोकळेघरांवर फार वेळ घालवत नाही. पीट ब्लॉम यांची ती १९८४ ची रचना. भिंती तिरप्या असल्यामुळं सुमारे १०० चौरस मीटरच्या घरातली जवळपास पाव जागा वापरता येत नाही, फर्निचर मापानं बनवून घ्यावं लागतं. पण तिथं राहणारे लोक ते घर स्वतः निवडून, बघून, पैसे मोजून राहतात. हौस त्यांची, गैरसोयही त्यांनी पत्करलेली. माझी त्याला काहीच हरकत नाही. आत्यासमोर निवड नव्हती.

आता इथं कुणीही मला थांबवावं अशी एक गोष्ट आहे, आणि ती मी स्वतःच मांडतो. लोकांनी आपापल्या समजुतीनं बांधलेली घरं चांगली असतील, तर किल्लारीला झालं ते काय होतं?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन उरकून गावं झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि सुमारे ८,००० माणसं गेली. त्यांना मारलं ते त्यांच्याच घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे भर. दोन्ही थरांना सांधणारे आडवे लांब दगड घालण्याची पद्धत कधीतरी सुटून गेली होती. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर माती टाकायची, दरवर्षी आणखी थोडी, आज्यापासून नातवापर्यंत. ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्या घरातलीही माणसं त्यात गेली. त्यामुळं 'जुनं ते सोनं' असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की मला ऐकवत नाही.

ही गोष्ट आपल्यापुरतीही नाही. चीनमधल्या लोएस मातीच्या पठारावर डोंगरात कोरलेली 'याओदोंग' घरं आहेत. थंडीत उबदार, उन्हाळ्यात गार, बांधकामाचा खर्च नाममात्र. आजही कोट्यवधी माणसं अशा घरांत राहतात. त्याच भागात १५५६ साली भूकंप झाला आणि ८ लाखांवर लोक मेले असं तिथल्या नोंदी सांगतात. त्यात याओदोंग कोसळून गाडले गेलेले फार होते. मातीला, दगडाला, गुहेला हळव्या नजरेनं बघून चालत नाही.

पण किल्लारीच्या ढिगाऱ्यात आणखी एक गोष्ट दिसत होती. कित्येक वाड्यांत भिंती ढासळल्या आणि लाकडी खांब आणि तुळया मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या. म्हणजे त्या घरात एक चूक होती आणि एक शहाणपणही होतं. सांधणारे दगड घाला, भिंतीला काँक्रीटचा पट्टा द्या, माळवदावरची माती उतरवून ओझं हलकं करा, खांब-तुळईचा सांधा आवळा, एवढ्यानं हजारो घरं सुरक्षित करता येत होती. आणि कमी नुकसान झालेल्या गावांमध्ये तसं केलंही गेलं. घरमालकाच्या हाती टप्प्याटप्प्यानं पैसे, अभियंत्याची देखरेख, गवंड्यांना शिकवणी, आणि महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या. लाखावर घरं या पद्धतीनं दुरुस्त झाली. एकाच भूकंपानंतर, एकाच सरकारनं, दोन वाटा चालून बघितल्या.

दुसरी वाट पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांची. त्यांचं जागा बदलून पुनर्वसन झालं. तिथं घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन किंवा अगदी अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांवर जमीन असलेल्याला ७५०. घरात माणसं किती, जनावरं किती, याचा त्या मापात कुठं संबंध नव्हता. सुताराला कामाला जागा किती लागते, कुंभाराची माती कुठं पडते, याचाही नव्हता. जुन्या गावात एकमेकांना खेटलेल्या वाड्यांमधून गल्ली वळत जायची, तिच्यात दुपारी सावली असायची. नव्या गावात चौकटीसारखे रुंद रस्ते आले. दुपारी त्या रस्त्यांवर उभं राहवत नाही. ढाळज गेली, तिच्याबरोबर म्हाताऱ्या माणसांची बसायची जागा गेली. बळद गेलं, धान्य पोत्यांत आलं. पुढच्या वर्षांमध्ये लोकांनी स्वतःच्या खर्चानं पडव्या काढल्या, कुंपणाच्या भिंती चढवल्या, गोठे उभे केले. त्या रस्त्यानं गेलो की मला दिसतं की लोकांनी मिळालेली घरं मोडून हळूहळू आपली करून घेतली. घुमटवाल्यांना तेवढं ते जमलं नाही.

कच्छमध्ये सात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ ला, भूकंप आला तेव्हा तिथले भुंगे फार मोठ्या संख्येनं तगले. भुंगा म्हणजे मातीच्या गोल भिंतीचं, वर शंकूसारखं हलकं छप्पर असलेलं घर. इथंही घर गोलच! आणि गंमत अशी की तिथल्या बायकांना त्या गोल भिंतीचा काही अडसर होत नाही. त्यांनी भिंतीतच मातीची मांडणी आणि कोठ्या घडवल्या, आरसे जडवून त्या सजवल्या. एका भुंग्यात सगळा संसार कोंबायचा असतोच कुठं? एका चौथऱ्यावर दोन-तीन भुंगे आणि स्वयंपाकाची वेगळी जागा, मुलगा लग्नाचा झाला की शेजारी आणखी एक. आत्याच्या घुमटाचा दोष गोलपणात नव्हता, हे मला भुंगा बघून कळलं. गोल घराभोवती जी राहणी लागते ती कच्छमध्ये शतकानुशतकं होती, आमच्याकडं नव्हती, आणि घराबरोबर ती कुणी पाठवूही शकत नव्हतं. गुजरातनं त्यावेळी खेड्यांतली बहुतेक घरं मालकांनाच बांधू दिली, वर तांत्रिक नियमांची पट्टी ठेवली. किल्लारीतल्या पहिल्या वाटेचं ते मोठं रूप होतं असं मी मानतो.

मग आजची आपली धोरणं कुठल्या वाटेनं चालतात? इथं मला एका शब्दाशी भांडायचं आहे. तो शब्द 'कच्चं'. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेली एकच खोली हे वंचित असण्याचं एक लक्षण धरलं गेलं. ग्रामीण घरकुल योजनेची यादीही कच्च्या भिंती, कच्चं छप्पर यावरूनच तयार झाली. गळक्या झोपडीत कुडकुडणारं कुटुंब शोधायचं तर काहीतरी खूण लागणार, हे मला मान्य आहे. पण ही खूण साहित्याची आहे, मजबुतीची नाही. येमेनच्या हद्रामौत खोऱ्यातलं शिबाम हे गाव घ्या. न भाजलेल्या मातीच्या विटांच्या पाच-सहा-सात मजली इमारती, बऱ्याचशा सोळाव्या शतकातल्या, अजून वापरात. युनेस्कोनं १९८२ सालीच ते जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. आपल्याकडचा प्रगणक तिथं गेला तर त्याला भिंतीच्या रकान्यात 'कच्ची' असंच लिहावं लागेल.

या शब्दाचा परिणाम गावात उघड दिसतो. घरकुलासाठी मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर हा नियम आहे. योजनेच्या कागदपत्रांत स्थानिक साहित्याला मनाई नाही. निरनिराळ्या प्रदेशांना साजेसे नकाशेही त्यासाठी तयार झालेले आहेत. तरीही मराठवाड्यापासून गडचिरोलीपर्यंत तोच सिमेंटचा ठोकळा उभा राहतो, कारण ज्याला 'कच्चं' म्हणून हिणवलं गेलं ते पुन्हा बांधायची हिंमत कोण करेल? हप्ता अडकला तर? एप्रिल-मे महिन्यात लातूरकडं सिमेंटच्या स्लॅबखाली दुपारी बसून बघा, म्हणजे माळवद काय काम करत होतं ते कळतं. सुरक्षित आणि गार असं दोन्ही असणारं माळवद शक्य आहे. ते कसं बांधायचं हे गवंड्याला शिकवण्यावर खर्च व्हायला हवा.

या सगळ्याला एक आक्षेप मुंबईतून येईल: खेड्यात ठीक आहे, शहरात जागा कुठं आहे? आक्षेप खरा आहे, आणि मजल्यावर मजला चढवल्याशिवाय मुंबईला गत्यंतर नाही हेही खरं. पण तिथंही झोपडपट्टी पुनर्वसनात सगळ्यांना सरसकट ३०० चौरस फूट, ही एकच मोजपट्टी का? धारावीच्या कुंभारवाड्यात घर, अंगण आणि भट्टी मिळून एकच गोष्ट असते. तळमजल्यावरच्या कुंभाराला सातव्या मजल्यावर खोली दिली की त्याला छप्पर मिळतं आणि त्याचा धंदा जातो.

शहरातही दुसरं काही करता येतं, याची उदाहरणं थोडी आहेत पण भक्कम आहेत. चिलीमधल्या इकिके शहरात शंभराच्या आसपास कुटुंबं शहराच्या मध्यात ३० वर्षं बेकायदा राहत होती. सरकारी अनुदान होतं कुटुंबामागं साडेसात हजार डॉलर, जमिनीच्या किमतीसकट. तेवढ्यात पुरं घर होत नव्हतं. वास्तुरचनाकार अलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धं घर बांधायचं ठरवलं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना आणि जोडभिंत, जे माणसाला एकट्याला नीट करता येत नाही ते. शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडली. उरलेलं लोकांनी आपल्या सवडीनं आणि ऐपतीनं भरलं. कुठं निळी भिंत, कुठं दुकान, कुठं मुलीसाठी खोली. आणि कुणाला शहराबाहेर दूर जावं लागलं नाही. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हे आधीच करून दाखवलं होतं. तिथं प्लॉटवर जोतं आणि न्हाणी-संडास द्यायचे, बाकीचं घर ज्याचं त्यानं बांधायचं.

आणि आपल्या दारात बेलापूर आहे. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत वसवलेलं आर्टिस्ट व्हिलेज. आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, कुणाची भिंत कुणाला सामाईक नाही, म्हणजे ज्याला हवं त्यानं आपलं घर वाढवावं. हे बैठ्या आणि एकमजली घरांतून. आणि तरी हेक्टरी ५०० माणसांची दाटी साधलेली. आज तिथं गेलं तर कोरियांची उतरत्या छपरांची मूळ घरं फार थोडी उरलीत. लोकांनी ती पाडून काँक्रीटचे बंगले बांधले, गच्च्या काढल्या, टाइल्स लावल्या. वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघून हळहळतात, आणि ती हळहळ मला समजते, कारण काही मूळ घरं खरोखर देखणी होती. तरीही मी त्याला या वसाहतीचं यशच म्हणेन. फ्रान्समध्ये पेसाक इथं ल कॉर्ब्युझिए यांनी १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या घरांचंही असंच झालं होतं. रहिवाशांनी लांबट खिडक्या बुजवून छोट्या केल्या, गच्च्यांवर उतरती छपरं चढवली. तिथं ते रचनाकाराच्या मनाविरुद्ध घडलं. बेलापुरात त्याची मुभा नकाशातच होती.

मातेराचं सांगायचं राहिलं. दक्षिण इटलीतल्या या गावात शेकडो वर्षं लोक दरीच्या उतारावर कोरलेल्या गुहांत राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली दशा देशासमोर आली: एकाच गुहेत माणसं आणि गाढव, मलेरिया, पटापट दगावणारी मुलं. 'राष्ट्राची लाज' असं तिला नाव पडलं. १९५२ साली कायदा झाला आणि सुमारे १५,००० लोकांना तिथून हलवलं गेलं. ते गेले त्यात काही गैर नव्हतं; तसं जगणं कुणालाही सोसायला लावू नये. पण गुहेत पाणी, हवा आणि संडास देता येतो का, हा विचार त्यावेळी मागं पडला. १९९३ मध्ये त्याच गुहा जागतिक वारसा ठरल्या. २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. आज त्या गुहांमध्ये हॉटेलं आहेत. नळ आहे, गरम पाणी आहे, उत्तम दिवे आहेत. जे गरिबासाठी अशक्य म्हणून सोडून दिलं ते पाहुण्यासाठी जमलं.

तेव्हा आमच्या जिल्हा परिषदेकडं आणि मंत्रालयाकडं माझं मागणं असं आहे. सर्वेक्षणाच्या अर्जात भिंत कशाची आहे याच्यासोबत ती किती मजबूत आहे हे विचारा, आणि ते तपासायला प्रशिक्षित गवंडी पाठवा. गावातल्या गवंड्यांना दगड, माती, विटा, बांबू यांत भूकंपाला टिकेल असं बांधकाम शिकवा आणि त्या कामाचा हप्ता सिमेंटच्या कामाइतक्याच बिनबोभाट द्या. यापुढं कुठल्याही पुनर्वसनात, मग ते भूकंपाचं असो, धरणाचं असो की दरड कोसळल्याचं, एक बाजू वाढवायला मोकळी नसेल तर तो नकाशा मंजूरच करू नका. आणि नकाशा कागदावर येण्याआधी त्या गावातल्या बायकांसोबत एक अख्खा दिवस बसा. कणगी कुठं, चूल कुठं, म्हैस कुठं, बाळंतिणीची खाट कुठं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मागच्या दिवाळीत आत्याकडं गेलो होतो. शेडच्या एका कोपऱ्यात तिनं विटांचा ओटा घालून देव मांडलेत, वर पत्र्याला बांधलेल्या दोरीवर कणसं वाळत होती. धाकट्यासाठी आणखी एक खोली काढायची म्हणत होती. जागा कुठली, दार कुणीकडं, खिडकी किती उंचीवर, सगळं तिनं मला हातानं हवेत आखून दाखवलं.